‘स्पर्श’ आणि ‘बधिर’ : वर्णविचार, वैद्यक आणि समीक्षेची परिभाषा

मराठी ग्रंथपरीक्षणांची भाषा तपासू लागले की ‘स्पर्श’ या शब्दाचा तेथील सुकाळ लक्षात येतो. कादंबरी ‘हृदयस्पर्शी’ असते, कवितासंग्रह ‘मर्मस्पर्शी’ असतो, प्रस्तावना अनेक विषयांना ‘ओझरता स्पर्श’ करते आणि एखाद्या चरित्राला ‘मानवतेचा स्पर्श’ झालेला असतो. या वापरांत स्पर्श कोणी केला, कोणाला केला, कोठे केला आणि तो सुटल्यावर काय झाले, हे प्रश्न उद्भवतच नाहीत. हाच शब्द मराठीत आणखी दोन क्षेत्रांत पारिभाषिक संज्ञा म्हणून नांदतो : वर्णविचारात आणि वैद्यकात. तेथे मात्र या प्रश्नांची उत्तरे दिल्याखेरीज संज्ञा उभीच राहत नाही. एका शब्दाचे हे तीन वापर शेजारी ठेवून पाहिल्यास समीक्षेच्या परिभाषेविषयी काही अप्रिय गोष्टी स्पष्ट होतात.

वर्णविचारातील ‘स्पर्श’ शालेय व्याकरणामुळे सर्वपरिचित आहे. ‘क’पासून ‘म’पर्यंतची पंचवीस व्यंजने ही स्पर्शव्यंजने होत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत संस्कृत वर्णविचाराचा हा वारसा मराठीने चालवला. परंतु परिचयामुळे संज्ञेतील नेमकेपणा झाकला जातो. शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये यांनी वर्णाचे वर्णन ‘स्थान’, ‘करण’ आणि ‘प्रयत्न’ या तीन अंगांनी केले. स्थान म्हणजे जेथे स्पर्श होतो तो भाग. करण म्हणजे जो स्पर्श करतो तो अवयव. प्रयत्न म्हणजे त्या स्पर्शाची जात. ‘त’ उच्चारताना दात हे स्थान आणि जिव्हाग्र हे करण. ‘प’ उच्चारताना ओठाला ओठच भेटतो. कर्ता आणि कर्म यांची इतकी काटेकोर विभागणी शब्दाच्या इतर कोणत्याही वापरात आढळत नाही.

प्रयत्नाच्या बाबतीत तर शिक्षाकारांनी स्पर्शाच्या पायऱ्याच लावल्या आहेत. क ते म हे ‘स्पृष्ट’. य, र, ल, व हे ‘ईषत्स्पृष्ट’. ऊष्म वर्ण अर्धे स्पृष्ट. आणि स्वर ‘अस्पृष्ट’. म्हणजे ‘ओझरता स्पर्श’ ही कल्पना वैयाकरणांना ठाऊक होती. फक्त तिला त्यांनी चार वर्णांपुरते मोजून स्थान दिले. परीक्षणकाराने एखाद्या ग्रंथाने विषयाला ईषत्स्पर्श केला असे म्हणताना तो अर्धस्वराइतका की ऊष्म्याइतका, हे सांगावे अशी अपेक्षा अर्थात कोणी करणार नाही. पण पायऱ्या असू शकतात याची जाणीव तरी असावी.

स्पर्शव्यंजनाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्वनिविज्ञानाने उघड केले आहे. त्याचे तीन टप्पे असतात : अवयव एकत्र येतात, क्षणभर टिकतात, सुटतात. ‘क’, ‘त’, ‘प’ यांसारख्या अघोष वर्णांत मधल्या टप्प्यात, म्हणजे स्पर्श प्रत्यक्ष चालू असताना, काहीच ऐकू येत नाही. ऐकू येते ते स्पर्श सुटताना. ‘च’सारख्या वर्णात हे सुटणे घर्षणयुक्त असते, म्हणूनच आधुनिक अभ्यासक त्याला निव्वळ स्पर्श न म्हणता स्पर्शसंघर्षी म्हणतात, मराठीतील ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांतले दोन्ही ‘च’ या बाबतीत सारखेच, भेद स्थानाचा. उलट, स्पर्श सुटलाच नाही तर वर्ण दबून राहतो. प्रातिशाख्यकारांनी त्या अवस्थेला ‘अभिनिधान’ असे नाव दिले होते. सारांश, वर्णाला ज्या क्रियेवरून ‘स्पर्श’ म्हटले ती क्रिया कानाला अगोचर आहे. संज्ञा श्रोत्याच्या बाजूने बनलेली नाही, ती बोलणाऱ्याच्या शरीराच्या बाजूने बनलेली आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. वर्णविचारातील ‘स्पर्श’ हे एक मृत रूपक आहे; वैद्यकातील ‘स्पर्शा’शी त्याचा संबंध जोडणे म्हणजे शब्दसाम्यावर इमारत बांधणे होय. ‘उपसर्ग’ हा शब्द व्याकरणात धातूपूर्वी येतो आणि वैद्यकात रोगानंतर. ‘धातू’ हा शब्द व्याकरणात क्रियापदाचे मूळ आहे आणि वैद्यकात रक्तमांसादी शरीरघटक. अशा प्रत्येक जोडीतून सिद्धांत काढू लागल्यास कोशच तत्त्वज्ञान होईल. आक्षेप योग्य आहे, पण ‘स्पर्शा’ला तो पुरता लागू पडत नाही. पाणिनीय शिक्षेत वर्णोत्पत्तीची जी प्रक्रिया सांगितली आहे तिच्यात मन कायाग्नीला आघात करते, अग्नी मारुताला प्रेरणा देतो आणि तो वायू उरात, कंठात, शिरात संचार करीत मुखात येतो. ही वैद्यकाचीच शरीरकल्पना आहे. चरकसंहितेतही वाणीची प्रवृत्ती उदान वायूकडे सोपवलेली आहे. शिक्षेतील आठ स्थाने म्हणजे उर, कंठ, शिर, जिव्हामूल, दंत, नासिका, ओष्ठ आणि तालू. ही यादी वैयाकरणाने लिहिली की वैद्याने, हे नाव झाकल्यास सांगता येणार नाही. दोन्ही शास्त्रे एकाच देहाकडे पाहत होती.

फरक आहे तो निराळ्या ठिकाणी. वर्णविचारातील स्पर्श एकाच देहातील दोन अवयवांचा आहे. बोलणारा स्वतःलाच स्पर्श करतो. वैद्यकातील स्पर्श दोन देहांचा आहे. सुश्रुताने रोगपरीक्षेची सहा साधने सांगितली, पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. स्पर्शाने शीत-उष्ण, श्लक्ष्ण-कर्कश, मृदू-कठीण हे भाव जाणावेत असे त्याचे सांगणे. वाग्भटाने हीच यादी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीनांवर आणली. स्पर्शनाच्या लगत प्रश्न यावा, हे अर्थपूर्ण आहे. वैद्याच्या बोटांना जे कळते ते अर्धेच. उरलेले रोग्याने सांगायचे असते. चरकाने याहून पुढे जाऊन स्पर्शनेंद्रिय हे एकच सर्व इंद्रियांना व्यापून आहे असे मानले, आणि सुखदुःखाला कारण होणारा स्पर्श दोन प्रकारचा सांगितला : इंद्रियाचा आणि मनाचा. समीक्षेतील ‘हृदयस्पर्शी’ला शास्त्राधार हवाच असेल तर तो येथे आहे. मात्र चरकाचा मानस स्पर्श दुःखही देतो. परीक्षणांतला फक्त गहिवर देतो.

वैद्यकातील ‘स्पर्शा’चे सर्वांत कठोर प्रकरण म्हणजे कुष्ठ. तेथे हा शब्द दोन विरुद्ध दिशांनी येतो. सुश्रुताने एका रोग्याकडून दुसऱ्याकडे संक्रांत होणाऱ्या रोगांत कुष्ठाचा निर्देश केला आणि संक्रमणाच्या मार्गांत गात्रसंस्पर्श सांगितला. तर कुष्ठाच्या पूर्वरूपांत संहितांनी स्पर्शाचे अज्ञान हे लक्षण नोंदवले. म्हणजे हा रोग स्पर्शाने येतो असे मानले गेले आणि आला की स्पर्शच नेतो असे पाहिले गेले. यातील दुसरे निरीक्षण आजही निदानाचा पाया आहे. पहिले टिकलेले नाही : १८७३ मध्ये हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू दाखवला, आणि आजच्या समजुतीप्रमाणे त्याचा प्रसार मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ निकट सहवासात, श्वासावाटे होतो, क्षणिक स्पर्शाने नव्हे. तरीही पाठ्यपुस्तकी मराठीत ‘स्पर्शजन्य रोग’ हा शब्द रुळला आणि कुष्ठाला तो अनेक वर्षे चिकटला. लॅटिनमधील ज्या धातूपासून संसर्गवाचक युरोपीय शब्द आले त्याचाही अर्थ स्पर्श करणे असाच आहे, तेव्हा हा दोष एकट्या मराठीचा नाही. हिंदीत तर ‘छूत’ हा एकच शब्द विटाळाला आणि रोगसंसर्गाला पुरतो. मराठीने मुळात हे दोन वेगळे ठेवले होते, विटाळ आणि लागण. ‘स्पर्शजन्य’ या संस्कृत प्रतिशब्दाने ती भिंत पाडली.

येथे मराठीने केलेली एक गंमतीदार देवघेव नोंदवण्यासारखी आहे. संस्कृत वैद्यकात त्वचेची संवेदना गेली की ‘सुप्ती’, ‘स्वाप’ अशा निद्रावाचक शब्दांनी ती सांगतात, त्वचा झोपते. ‘बाधिर्य’ हा तेथे कानाचा रोग. मराठीने ‘बधिर’चे तद्भव रूप ‘बहिरा’ कानासाठी ठेवले आणि तत्सम ‘बधिर’ त्वचेकडे वळवला. ‘मूकबधिर’सारखा सामासिक शब्द सोडला तर आजच्या मराठीत पाय बधिर होतो, जबडा बधिर करतात आणि अंगावरचा चट्टा बधिर असतो. विदर्भातील आरोग्यशिक्षणाच्या भाषेत ‘फिकट, लालसर, बधिर चट्टा’ हा शब्दसमूह इतका रूढ आहे की त्यात कानाचा शब्द त्वचेला लावला आहे, हे कोणाला जाणवतही नाही. वर्णविचाराने ध्वनीला स्पर्शाचे नाव दिले. वैद्यकीय मराठीने स्पर्शाच्या अभावाला श्रवणाच्या अभावाचे नाव दिले. ही अदलाबदल कोशात दोन वेगळ्या पानांवर पडलेली असल्याने दिसत नाही. ती शेजारी ठेवली की एक समान गृहीत उघडे पडते : स्पर्श ही देखील ऐकण्याची गोष्ट आहे. त्वचा बहिरी होऊ शकते, कारण ती ऐकत असते.

तपासणीची रीत याच गृहीतावर चालते. रुग्णाने डोळे मिटायचे. तपासणाऱ्याने कापसाचे टोक, पीस किंवा पेनाचे टोक त्वचेला टेकवायचे. आणि जेथे टेकले असे वाटेल तेथे रुग्णाने बोट ठेवायचे. करण तपासणाऱ्याच्या हाती, स्थान रुग्णाच्या देहावर, पण निर्णय रुग्णाचा. त्याने बोट ठेवले नाही तर स्पर्श घडूनही झाला नाही असे धरतात. शिक्षाकारांच्या ‘स्पृष्ट’पेक्षा ही व्याख्या एक पाऊल पुढे आहे : स्पर्श झाला की नाही हे स्पर्श करणाऱ्याने ठरवायचे नसते.

व्याकरण आणि वैद्यक यांच्या या दोन व्याख्यांमध्ये मराठी समाजाने तिसरा शब्द उभा केला : ‘अस्पृश्य’. शिक्षेतला ‘अस्पृष्ट’ आणि समाजातला ‘अस्पृश्य’ एकाच धातूचे, फरक प्रत्ययाचा. ‘अस्पृष्ट’ हे भूतकालवाचक धातुसाधित. स्पर्श झालेला नाही एवढी वस्तुस्थिती ते सांगते, आणि वर्णमालेत हा मान स्वरांना, म्हणजे स्वतंत्रपणे उच्चारता येणाऱ्या वर्णांना आहे. ‘अस्पृश्य’ हे विध्यर्थवाचक. ते वस्तुस्थिती सांगत नाही, निषेध करते, आणि निषेधाला विशेषणाचे रूप देऊन तो माणसाचा गुणधर्म असल्यासारखा दाखवते. शिवाय हे रूप कर्मणी आहे. ज्याला ते लावले जाते तो नेहमी स्पर्शाचे कर्म राहतो. प्रत्यक्ष व्यवहारात निषेध त्याच्या कर्तृत्वावरही होता : त्याने पाणवठ्याला हात लावू नये, देवळात पाऊल ठेवू नये. म्हणजे त्याच्या कृतीचा निषेध करतानाही भाषेने त्याला कर्ता होऊ दिले नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या १९३३ च्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथापासून या प्रश्नाचा इतिहास मराठीत पुष्कळ लिहिला गेला. भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. शब्दाच्या प्रत्ययाकडे मात्र भाषाभ्यासकांनी फारसे पाहिले नाही.

बोलीतला पर्याय याहून अधिक सांगून जातो. ‘शिवणे’ हे क्रियापद स्पर्श करण्याच्या अर्थी प्राकृतातील ‘छिव’शी जोडले जाते. मुलांच्या खेळात शिवणे म्हणजे राज्य देणे. ‘कावळा शिवला’ हे पिंडाविषयी म्हटले तर सुटका, स्त्रीविषयी म्हटले तर चार दिवसांची बाजूला बसवणूक. आणि ‘शिवाशिव’ म्हणजे जातीचा सारा व्यवहार. या प्रत्येक प्रयोगात शिवल्याने शिवलेल्याची अवस्था बदलते. संस्कृत ‘स्पर्श’ शब्दात हा परिणाम अध्याहृत नाही, आणि कदाचित म्हणूनच सुशिक्षित मराठीने निरुपद्रवी भावनांसाठी ‘स्पर्श’ घेतला व ‘शिवणे’ घरात ठेवले. हृदयाला ‘शिवणारी’ कादंबरी कोणी म्हणत नाही.

या तिन्ही अर्थांची एकत्र कसोटी लागली असा प्रदेश शोधायचा तर वर्धा जिल्ह्याकडेच यावे लागते. जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले. विनोबांनी १९३०-३१ मध्ये वर्ध्यातच ‘गीताई’ सिद्ध केली; गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ‘मात्रास्पर्श’ या सामासिक पदातला ‘स्पर्श’, अल्पशिक्षितांसाठी केलेल्या त्या अनुवादातही, त्यांनी कायम ठेवला. १९३६ मध्ये विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्यानजीक दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाची स्थापना झाली, तिचे केंद्र वर्धाच. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीने तिच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव बधिर चट्टे शोधले. एका जिल्ह्यात पंचवीस वर्षांच्या आत हे सारे घडले.

यातील सर्वांत बोलके उदाहरण सेवाग्रामचे आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयातले. कुष्ठाने ग्रस्त अवस्थेत ते १९३९ मध्ये सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ झोपडी दिली आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा, मालिश केली. ती कुटी त्यांच्या नावाने आश्रमात आहे. पुढे त्यांचे वास्तव्य दत्तपूरला झाले. मालिश करणाऱ्या गांधीजींचे छायाचित्र प्रसिद्ध आहे आणि त्यावर लिहिलेला मजकूर बहुधा ‘करुणेचा स्पर्श’ या वळणाने जातो. या वळणात शास्त्रीबुवांचे पांडित्य गळून पडते. ज्याने आयुष्यभर वर्णांची स्थाने आणि प्रयत्न जिभेवर वागवले, त्याच्या देहात स्पर्शाचे ज्ञानच विझत जावे, ही या प्रसंगाची खरी विलक्षणता आहे. सुश्रुताने खोल धातूंत शिरलेल्या कुष्ठाच्या लक्षणांत नासाभंग आणि स्वराचा उपघात सांगितला आहे. नाक बसले की अनुनासिक स्पर्शांचे पोकळ स्थानच बिघडते, ओठांची चेतना गेली की ‘प’वर्ग ढिला पडतो. कुष्ठ आणि वर्णविचार यांचा संबंध रूपकाचा राहत नाही. शिवाय त्या छायाचित्रात करण कोण आणि स्थान कोण हे जितके स्पष्ट आहे, तितकेच हेही अस्पष्ट आहे की स्थानाला काय कळत होते. मालिश करणाऱ्या बोटांची संवेदना छायाचित्रावर लिहिणाऱ्यांनी गृहीत धरली; रुग्णाच्या त्वचेला प्रश्न विचारला नाही. वैद्यकाने लावलेली कसोटी चरित्रलेखनाने सोडून दिली ती येथे.

‘मर्मस्पर्शी’ या विशेषणाचा विचार आता करता येईल. सुश्रुताने शरीरात एकशे सात मर्मे सांगितली आणि आघाताच्या परिणामावरून त्यांचे पाच वर्ग केले. त्यांत काही तत्काळ प्राण घेणारी, काही कालांतराने, काही पंगुत्व आणणारी, काही केवळ वेदना देणारी. मर्माला स्पर्श होणे म्हणजे इजा होणे, आणि संस्कृतातही ‘मर्मस्पृश्’ हे जिव्हारी लागणाऱ्या वचनाचे विशेषण आहे. एखादे दलित आत्मकथन ‘मर्मस्पर्शी’ आहे असे परीक्षणकार लिहितो तेव्हा, शब्दाचा मान राखायचा तर, त्या पुस्तकाने आपल्याला पंगू केले की नुसतीच वेदना दिली, हे त्याने सांगायला हवे. बहुतेक वेळा त्याला सांगायचे असते ते एवढेच की पुस्तक वाचून डोळ्यांत पाणी आले. म्हणजे ज्या समाजाला ‘अस्पृश्य’ म्हटले गेले त्याच्या लेखनाची पोच त्याच धातूपासून बनलेल्या शब्दाने द्यायची, आणि त्या शब्दातला कर्ता, कर्म, स्थान व परिणाम आधीच काढून टाकलेला. लिहिणारा येथे प्रथमच करण झालेला असतो, वाचकाचे मर्म हे स्थान. परीक्षण मात्र त्याला पुन्हा कर्मपदावर नेऊन बसवते : वाचकाच्या सहानुभूतीने त्याला स्पर्श केला.

बाबा आमटे यांचा जन्म १९१४ मध्ये याच जिल्ह्यातील हिंगणघाटचा. कर्मभूमी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा, जेथे १९४९ पासून आनंदवन उभे राहिले. त्यांच्या संस्थेच्या नावात ‘महारोगी’ हा तेव्हाचा मराठी शब्द आहे, ‘स्पर्श’ नाही. ‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा संग्रह १९६४ चा. त्यावरील लेखनात ‘करुणा’ आणि ‘स्पर्श’ यांची गाठ पक्की बसलेली आढळते. परंतु त्यांच्या कार्याचा जो आरंभ स्वतः आमटे यांनी सांगितला तो स्पर्शाचा नाही, स्पर्श न झाल्याचा आहे. पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला, ते भ्याले आणि तेथून पळाले. परत गेले ते नंतर, आपल्या भीतीची लाज वाटून. मराठीत हा प्रसंग ‘हृदयस्पर्शी’ म्हणून सांगितला जातो तेव्हा पळण्याचा भाग एका वाक्यात उरकतो आणि परतण्याला परिच्छेद मिळतो. शिक्षाकारांच्या भाषेत हा अस्पृष्टापासून स्पृष्टापर्यंतचा प्रवास आहे, आणि त्यातला आशय मधल्या अंतरात आहे. संग्रहातील कविता त्या अंतराची आठवण ठेवून वाचल्या तर त्यांचा चढा सूर वेगळा ऐकू येतो : तो रुग्णांना उद्देशून असण्याआधी पळून गेलेल्या माणसाला उद्देशून आहे.